गालापागोस द्वीपसमूहातील जलयात्रा : मार्गनिवडीचा इतिहास

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे १००० किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस विखुरलेल्या गालापागोस बेटांकडे वन्यजीवदर्शनासाठी जाणारा प्रवासी बहुधा नौका निवडतो. मार्ग त्याला नौकेबरोबर आपोआप मिळतो. वस्तुतः हा क्रम उलटा असावयास हवा. या बेटांचे वैशिष्ट्य असे की एका बेटावरील प्राणी दुसऱ्या बेटावर आढळेलच याची शाश्वती नाही. तेव्हा कोणत्या बेटांवर उतरावयाचे हे ठरविणे म्हणजेच काय पाहावयाचे आणि कशास मुकावयाचे हे ठरविणे होय. ही निवड निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या कारणांनी केली, आणि आजच्या छोट्या नौकेच्या आठ दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्या जुन्या निवडींची छाया पडलेली आहे.

पहिल्या ज्ञात भेटीत निवडीचा प्रश्नच नव्हता. १५३५ साली पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा पेरूकडे निघाला असता वारा पडला आणि त्याचे गलबत प्रवाहाबरोबर वाहत या बेटांना लागले. पाण्याच्या शोधात त्याच्या लोकांना निवडुंगाची पाने चघळावी लागली. सम्राट पाचव्या चार्ल्सला लिहिलेल्या पत्रात त्याने प्रचंड कासवांचा आणि माणसास न भिणाऱ्या पक्ष्यांचा उल्लेख केला आहे. भूमीविषयी मात्र त्याचे मत फारच प्रतिकूल होते. पुढे १५७० च्या ऑर्टेलियसच्या नकाशात ही बेटे कासवांच्या नावानेच नोंदली गेली.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज चाचे येथे विसावा घेऊ लागले. त्यांच्यापैकी अँब्रोज काउली याने १६८४ साली बेटांचा नकाशा काढून त्यांना इंग्लंडचे राजे व सरदार यांची नावे दिली. १८३२ साली इक्वेडोरने बेटांवर स्वामित्व प्रस्थापित केले, आणि कोलंबसाच्या सफरीच्या चारशेव्या वर्षी, १८९२ मध्ये, स्पॅनिश नावे अधिकृत झाली. परंतु नावे कायद्याने बदलली तरी ग्रंथांतून सहसा हटत नाहीत. डार्विनच्या दैनंदिनीतील चॅटम म्हणजे आजचे सान क्रिस्तोबाल, चार्ल्स म्हणजे फ्लोरेआना, अल्बेमार्ल म्हणजे इसाबेला आणि जेम्स म्हणजे सान्तियागो. हूडचे एस्पान्योला झाले, तरी तेथील मॉकिंगबर्ड पक्ष्याच्या इंग्रजी नावात हूड अद्यापि टिकून आहे. जुने प्रवासवर्णन वाचून आजच्या कार्यक्रमपत्रिकेत ती बेटे शोधणाऱ्याची यामुळे हटकून गल्लत होते. नामकरणाचा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे, तो येथे प्रवाशाचाही होतो!

चाच्यांच्या मागून देवमाशांची शिकार करणारी जहाजे आली. या खलाशांची निवड अत्यंत व्यवहारी होती : गोडे पाणी कोठे, सुरक्षित नांगरवाडा कोठे, आणि किनाऱ्याजवळ कासवे कोठे. अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जगणारे कासव म्हणजे जहाजाच्या तळघरात ठेवता येणारे ताजे मांस. चार्ल्स टाउनसेंड याने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ७९ जहाजांच्या नोंदवह्या तपासून १८३१ ते १८६८ या काळात त्या जहाजांनी १३,०१३ कासवे नेल्याचे दाखविले. ही जहाजे त्या व्यवसायातील एकूण जहाजांचा केवळ एक अंश होती. माद्या आकाराने लहान व वाहून नेण्यास सोप्या, शिवाय अंडी घालण्यास सखल भागात उतरणाऱ्या. त्यामुळे त्याच अधिक पकडल्या गेल्या. ज्या बेटावर उतरणे सोपे ते बेट प्रथम ओस पडले. फ्लोरेआनाचे मूळ कासव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या बेटावरून नाहीसे झाले.

१५ सप्टेंबर १८३५ रोजी ‘बीगल’ बेटांपाशी पोहोचले आणि २० ऑक्टोबरला तेथून निघाले. डार्विन या अवधीत केवळ चारच बेटांवर उतरला, कारण जहाजाचा मार्ग कॅप्टन फिट्झरॉयच्या सर्वेक्षणाच्या सोयीने ठरत होता. कासव पाहून ते कोणत्या बेटाचे हे आपणास सांगता येते, असे तेथील उपराज्यपाल निकोलस लॉसन याने डार्विनला सांगितले होते. त्या सूचनेचे महत्त्व डार्विनला तत्काळ उमगले नाही. मॉकिंगबर्ड पक्षी त्याने बेटवार वेगळे ठेवले. फिंच पक्ष्यांच्या बाबतीत मात्र ही दक्षता राहिली नाही. १८३७ साली जॉन गूल्डने लंडनमध्ये त्या पक्ष्यांची छाननी केल्यावर बेटनिहाय नोंदींची निकड भासली, आणि त्यासाठी फिट्झरॉय व इतर सहप्रवाशांच्या संग्रहांचा आधार घ्यावा लागला. ज्याच्या नावाने ही बेटे आज ओळखली जातात त्याच्याच हातून ही चूक व्हावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही उणीव भरून काढण्याचा पद्धतशीर यत्न एका लहान शिडाच्या जहाजानेच केला. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसने रोलो बेक याच्या नेतृत्वाखाली पाठविलेले ‘अकॅडमी’ हे जहाज सप्टेंबर १९०५ पासून वर्षभर बेटाबेटांतून हिंडले. त्या अवधीतच, १८ एप्रिल १९०६ रोजी, सान फ्रान्सिस्कोच्या भूकंपात व आगीत संस्थेचे संग्रहालय भस्मसात झाले. जहाज परतले तेव्हा त्याच्या पोटातील नमुन्यांवरच संस्थेस आपला संग्रह पुनश्च उभारावा लागला. यानंतर धनिकांच्या खासगी नौकांचा काळ येतो. विल्यम बीब १९२३ साली ‘नोमा’ या वाफेच्या नौकेतून गेला व त्याच्या ग्रंथाने बेटांना मोठी प्रसिद्धी मिळाली. त्या काळाबद्दल याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

१९५९ साली इक्वेडोरने वसाहतीखेरीजची सर्व भूमी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवली, आणि १९६४ मध्ये सान्ता क्रूस बेटावर डार्विन संशोधन केंद्र सुरू झाले. साठच्या दशकाच्या अखेरीस संघटित पर्यटन आले. येथून मार्गनिवड कप्तानाच्या हातून शासनाच्या हाती गेली. उतरण्याच्या जागा व पायवाटा ठरविल्या गेल्या. प्रवाशांचा गट सोळाचा, व प्रत्येक गटाबरोबर परवानाधारक मार्गदर्शक. छोट्या नौकेवर सोळा प्रवासी का असतात याचे उत्तर येथे आहे : एक नौका, एक मार्गदर्शक, एकाच वेळी सर्वांचे उतरणे. शंभर प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर गटागटाने उतरावे लागते. अर्थात छोटी नौका रात्रीच्या प्रवासात अधिक डुलते, आणि जून ते नोव्हेंबर या थंड प्रवाहाच्या मोसमात हा त्रास विशेष जाणवतो. तथापि समुद्री जीवांस अन्न विपुल मिळते ते त्याच मोसमात.

मार्गनिवडीवर सर्वांत खोल परिणाम २०१२ साली अमलात आलेल्या नियमाने केला. चौदा रात्रींच्या फेरीत नौकेने एकाच स्थळी दोनदा जाऊ नये, असा तो नियम. त्यामुळे पंधरवड्याच्या फेरीचे तुकडे पाडून ते निरनिराळ्या प्रवाशांना विकले जातात. पश्चिमेचा तुकडा घेणारास फर्नांदिना व इसाबेलाच्या किनाऱ्यावर उडण्याची शक्ती गमावलेला पाणकावळा दिसतो. हा पक्षी जगात अन्यत्र कोठेही नाही. ईशान्येकडील हेनोवेसा घेणारास लाल पायांच्या बूबी पक्ष्यांची वसाहत दिसते. तरंगित पिसाऱ्याच्या अल्बट्रॉसची जवळजवळ सारी वीण आग्नेयेच्या एस्पान्योलावर, तीही एप्रिल ते डिसेंबरपर्यंतच. जानेवारीत तेथे जाणारास कडे रिकामे आढळतील. एका आठवड्यात हे सर्व साधत नाही. जाहिरातीत मात्र सर्व पक्षी एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेले असतात.

नौका लहान म्हणून निरुपद्रवी, असेही समजू नये. रात्रीच्या दिव्यांकडे कीटक ओढले जातात आणि नौकेबरोबर बेटांतर करतात. जानेवारी २००१ मध्ये सान क्रिस्तोबालपाशी ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज खडकांवर अडकले. त्यातील तेलाचा काही भाग एका पर्यटक जहाजासाठीच आणलेला होता. सांडलेले तेल दिसण्यात अल्प होते, तरी पुढील वर्षभरात सान्ता फे बेटावरील सुमारे ६२ टक्के सागरी घोरपडी मेल्याचे संशोधकांनी नोंदविले.

वरील नियमास एक अपवाद आहे : सान्ता क्रूसवरील कासव-संवर्धन केंद्र. जवळजवळ प्रत्येक मार्ग तेथे थांबतो. इसाबेलाच्या वोल्फ ज्वालामुखीवर फ्लोरेआनाच्या नष्ट वंशाचे रक्त असलेली कासवे आढळली. शिकारी जहाजांनी भार हलका करण्यासाठी ती तेथे सोडली असावीत. त्यांपैकी निवडक कासवे केंद्रात आणून त्यांची वीण २०१७ पासून घेतली जात आहे.