हिरवा रंग पुरेसा नसतो

पानांच्या आडोशाने दबा धरणे ही शिकाऱ्यांची जुनी युक्ती. तिला लष्करी शास्त्राचे रूप आले ते पहिल्या महायुद्धात. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने चित्रकारांना हाताशी धरून कॅमोफ्लाजचा, म्हणजे मायावरणाचा, स्वतंत्र विभाग उभारला. कसोटी एकच होती : शत्रूच्या टेहळ्याचा डोळा फसला पाहिजे.

ही कसोटी पुढे अपुरी पडणार, याची खूण त्याआधीच मिळाली होती. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अवरक्त छायाचित्रांत झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसत होती. हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषते, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. सुमारे ७०० नॅनोमीटरच्या पुढे मात्र ते शोषण जवळजवळ थांबते. तिथला निम्म्याच्या आसपास प्रकाश पानातल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या परत फेकतात. साध्या हिरव्या रंगाला हे साधत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कोडॅकने हाच फरक पकडणारी फिल्म तयार केली. तिच्यावर जिवंत झाडी लाल उमटे, तर हिरवा रंग दिलेले सामान निळसर. जो रंग सैनिकाला लपवायचा, तोच आता त्याचा ठावठिकाणा सांगू लागला. उत्तरादाखल क्रोमियम ऑक्साइडसारखी, अवरक्त किरण परतवणारी खनिज रंगद्रव्ये वापरात आली.

मग खुद्द हरितद्रव्याचाच लेप का देऊ नये? अडचण आपल्या स्वयंपाकघरातही दिसते. पालक जास्त शिजला की हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निसटते आणि भाजी काळपट होते. उन्हातही ते विटते. मॅग्नेशियमच्या जागी तांबे बसवले तर रंग टिकतो. पण पानात पाणीही असते, आणि ते १४५० व १९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते. म्हणून अलीकडच्या प्रयोगांत हरितद्रव्याबरोबर ओलावा धरणारे क्षारही लेपात मिसळतात. नक्कल रंगाची नव्हे, अख्ख्या पानाची करावी लागते.

या लपंडावाचा एक लाभ आपल्याकडे शेतीला झाला. १९७० मध्ये केरळात पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळबागा टिपल्या आणि मर रोगाने ग्रासलेली झाडे ओळखली. भारतातल्या दूरसंवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानतात. खोटे पान उघडे पाडण्यासाठी जन्मलेली फिल्म इथे खऱ्या पानाचे दुखणे सांगून गेली.