शब्दवेध : कसबा

पुण्यावर अनेक राजवटी आल्या-गेल्या. ‘कसबा’ हा शब्द मात्र टिकला. मूळ अरबी असलेला हा शब्द फारसी दफ्तरांतून मराठीत रुजला. परगण्याचे मुख्य ठिकाण, जिथे बाजारपेठ असते आणि अंमलदार बसतो, तो कसबा. भोवतालची खेडी ती मौजे. म्हणून जुन्या कागदांत ‘कसबे पुणे’ असे येते.

‘कसबे पुणे’ हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी, राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’, ‘पूनक विषय’ (विषय म्हणजे प्रशासकीय विभाग) असे पुण्याचे उल्लेख आहेत. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने हे गाव बेचिराख करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. जिजाबाईंच्या काळात ते पुन्हा वसले. औरंगजेबाने दिलेले ‘मुहियाबाद’ हे नाव रुजले नाही. पेशवाईत भोवती पेठा वाढल्या, तरी जुने गावठाण कसबा पेठच राहिले. इंग्रजांचे ‘पूना’ १९७८ मध्ये अधिकृतपणे ‘पुणे’ झाले.

कोल्हापूरचा कसबा बावडाही याच व्यवस्थेची खूण. आपल्या गावाच्या नावामागे ‘कसबे’ असेल, तर जुने कागद जरूर पाहावेत. तिथे एका परगण्याचा कारभार नांदला असण्याची दाट शक्यता आहे.