नोनीचा रस प्यावा का? आधी झाडाची गोष्ट ऐका

"डॉक्टर, नोनीचा रस घेतला तर चालेल का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर देण्याआधी या झाडाचा इतिहास थोडक्यात सांगतो.

नोनी हे नाव हवाई बेटांवरचे. आपल्याकडे हेच झाड बारतोंडी किंवा आल म्हणून जुन्या काळापासून माहीत आहे. मध्य भारतात शेतकरी ते मुद्दाम लावत, पण फळासाठी नव्हे. तीन-चार वर्षांनी झाड खणायचे, मुळे काढायची आणि त्यांच्या सालीपासून कापडासाठी लाल रंग करायचा. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत बनवला. स्वस्त कृत्रिम रंगांपुढे आलीची शेती टिकली नाही.

तिकडे पॅसिफिकमध्ये पॉलिनेशियन लोकांनी नव्या बेटांवर वस्ती करताना हे झाड होडीतून सोबत नेले. खारी हवा आणि खडकाळ जमीन ते सहज सोसते. त्याची पाने गरम करून दुखऱ्या भागावर बांधत. पिकलेल्या फळाला मात्र आंबलेल्या चीजसारखा उग्र वास येतो.

१९८० च्या दशकात राल्फ हायनिकी यांनी नोनीतून 'झेरोनिन' मिळते असा दावा केला. त्या द्रव्याची रासायनिक ओळख कधीच पटली नाही, तरीही १९९६ पासून बाटलीबंद रसाचा मोठा व्यापार उभा राहिला. २००३ मध्ये युरोपीय संघाने त्याला परवानगी दिली ती खाद्यपदार्थ म्हणून, औषध म्हणून नव्हे.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. या रसात पोटॅशियम संत्र्याच्या रसाइतकेच असते. निरोगी माणसाची किडनी ते बाहेर टाकते. आजारी किडनीला ते जमत नाही. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. २००० साली नोनीचा रस पिणाऱ्या एका किडनीरुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात.

परसात बारतोंडी जरूर लावा. बी टणक असते. टरफलाला किंचित छेद दिला की लवकर रुजते. फांदीपासूनही रोप होते. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. रसाची बाटली मात्र उघडण्याआधी, चालू गोळ्यांसकट, तुमच्या डॉक्टरांना दाखवा.