फुप्फुसविकारजन्य हृदयतालविकार

दीर्घकालीन श्वसनमार्गरोध, वातस्फीती यांसारख्या जुनाट फुप्फुसविकारांनी ग्रस्त रुग्णांच्या हृदयस्पंदनात उत्पन्न होणारी अनियमितता. रक्तातील प्राणवायू घटला म्हणजे फुप्फुसांतील सूक्ष्म रोहिण्या आकसतात. त्यांतून रक्त रेटण्याचा भार वर्षानुवर्षे सोसून उजवे निलय स्थूल होते, त्यामागचे अलिंद ताणले जाते आणि मग स्वाभाविक तालकेंद्राचा अंमल ढिला पडून अलिंदाच्या भिंतीतील इतर स्थाने आपापले ठोके देऊ लागतात. अशा हृदयविकाराला धूम्रपानच कारण असते असे नाही. दिल्लीत डॉ. पद्मावती व पाठक यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या १२७ रुग्णांच्या अभ्यासाने चुलीच्या धुराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. आयुष्यभर तो धूर गिळणाऱ्या आपल्या स्त्रियांची दखल इतक्या उशिरा घेतली गेली, ही खेदाची गोष्ट होय.

या विकारांतील सर्वांत लक्षणीय प्रकार म्हणजे बहुकेंद्री अलिंद द्रुतस्पंदन. शाइन, कॅस्टर व युर्चाक या अमेरिकन वैद्यांनी १९६८ साली ३२ रुग्णांवरून त्याचे सविस्तर वर्णन केले. नाडी मिनिटाला शंभराहून अधिक व अनियमित चालते. हाताला ती अलिंद तंतुकंपनासारखीच भासते, परंतु हृल्लेखात पी-तरंगांची किमान तीन निरनिराळी रूपे दिसली म्हणजे निदान पक्के होते. हा ताल आढळलेल्या रुग्णांपैकी पुष्कळ जण त्याच इस्पितळवासात दगावतात, तथापि मृत्यूचे कारण बहुधा ताल नसून मूळचा श्वसनविकार असतो.

म्हणूनच इलाजाचा रोख प्रथम श्वासाकडे हवा. विजेच्या धक्क्याने हा ताल सुधारत नाही. डिजिटॅलिसचा उपयोग थोडा आणि विषबाधेचे भय मोठे. दम्यावर दिलेले थिओफायलिनही प्रमाणाबाहेर गेल्यास हृदयाला उधळवते. जंतुसंसर्गाचा बंदोबस्त, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांची भरपाई आणि प्राणवायूचा बेताने पुरवठा यांनी ताल पुष्कळदा आपोआप स्थिरावतो. न स्थिरावल्यास व्हेरापामिल देतात. ज्यांच्या रक्तात प्राणवायू कायमच फार कमी असतो, त्यांच्या आयुर्मर्यादेविषयी १९८१ सालची ब्रिटिश चाचणी निर्णायक ठरली : रोज किमान पंधरा तास प्राणवायू घेणाऱ्या ४२ रुग्णांपैकी पाच वर्षांत १९, तर तो न मिळालेल्या ४५ पैकी ३० मरण पावले.