उपग्रहनकाशांवरील जहाज-निरीक्षण
आंतरजालावरील उपग्रहनकाशांत टिपली गेलेली जहाजे हुडकून त्यांचा प्रकार, लांबी व शक्य तेथे नाव ठरविण्याचा छंद. २००५ मध्ये ‘गूगल अर्थ’ खुले झाल्यावर तो सामान्यांच्या आवाक्यात आला. वरून पाहताना जहाजाची ओळख त्याच्या डेकवरून पटते : रंगीबेरंगी चौकटींची दाटी म्हणजे कंटेनरवाहू, झाकणांची ओळ म्हणजे धान्य वा कोळसा नेणारे, तर मधोमध धावणाऱ्या नळ्या म्हणजे तेलवाहू जहाज. चालत्या जहाजामागे पाण्यावर उमटणारी पाचरीसारखी लाट त्याची दिशा सांगते. खोल पाण्यात या पाचरीचा कोन सुमारे ३९ अंश असतो. मात्र चित्र अनेकदा जुने असते, त्यामुळे तेथे दिसणारे जहाज आज तेथे असेलच असे नाही. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवे अडकलेले सुमारे ४०० मी. लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या १० मी. विभेदनाच्या (एक चित्रबिंदू म्हणजे जमिनीवरील १० मी.) चित्रांतही ठळक दिसले. निरीक्षकांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध जागा बहुधा गुजरातमधील अलंग होय. मोडीत काढण्यासाठी मोठ्या भरतीच्या वेळी किनाऱ्यावर चढविलेली जहाजे तेथे ओळीने अर्धवट कापलेल्या अवस्थेत दिसतात. मुंबईत २०१७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू युद्धनौका ‘विराट’ २०२० मध्ये तेथेच पोचली.