बाधा कशाची?

मराठीत ‘बाधा’ हा शब्द एकटा फारसा फिरत नाही. भूतबाधा, विषबाधा, जंतुबाधा. पुढं कुणीतरी उभं राहून त्रास कशाचा ते सांगतं. मूळ संस्कृत धातू ‘बाध्’, म्हणजे पीडा देणं, अडवणं. त्यातूनच आपलं रोजचं क्रियापद आलं. रात्रीचं दही बाधतं, पावसाळी हवा बाधते आणि औषधही बाधतं. ‘मला ती गोळी बाधली’ हे वाक्य जुन्या माणसांच्या तोंडी सहज यायचं. आता ‘रिॲक्शन आली’ म्हणतात. जुन्या वाक्यात कर्ता कोण ते साफ दिसतं: गोळी. नव्या वाक्यात रिॲक्शन आपली आपणच येते.

बुलढाणा जिल्ह्यात या शब्दाचं वजन आणखी वाढतं. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनोरुग्णांना घेऊन लांबलांबहून लोक येतात. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. अशा ठिकाणी ‘बाधा’ म्हटलं की पुढं काही लावावं लागत नाही. ती ‘बाहेरची’ हे धरलेलंच असतं. मान गरगर फिरवणं, घुमणं, अंग ताठ करणं याला दर्ग्यांच्या बोलीत ‘हाजरी’ म्हणतात. शाळेतली हजेरीही त्याच अरबी ‘हाजिर’वरून आली. कुणीतरी अंगात उपस्थित झालं, एवढाच त्याचा अर्थ.

श्रद्धेशी माझं भांडण नाही. काळजी वेगळीच आहे. पोरीला उलट्या होतात म्हणून गावातल्या दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं जातं. काही तासांत जबडा आवळतो, मान मागं ओढली जाते, बुबुळं वर चढून तिथंच थांबतात. पोर शुद्धीवर असते, सगळं ऐकते, पण बोलता येत नाही. घरात एकच कल्लोळ: ‘डोये वर गेले, मान वाकडी झाली, बाहेरचं झालं!’ वैद्यकात याला तीव्र डिस्टोनिया म्हणतात. लहान मुलं आणि तरुण यांना तो जास्त गाठतो. प्रोमेथाझिनसारख्या औषधाच्या इंजेक्शनानं बहुधा थोड्याच वेळात उतरतो. मात्र आधी कुणीतरी विचारायला हवं की सकाळी काय टोचलं होतं?

मानसोपचाराच्या गोळ्यांनी होणारा दुसरा त्रास ओळखायला अवघड आहे. त्याचं नाव अकाथिसिया. हे नाव चेक वैद्य लादिस्लाव हाश्कोवेत्स यांनी १९०१ मध्ये दिलं, या गोळ्या जन्मायच्या पन्नास वर्षं आधी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘न बसणं’. आपल्याकडं ‘बूड टेकत नाही’ असा बोलच आहे. माणूस उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो, उभ्या उभ्या पाय बदलतो. घरच्यांना वाटतं आजार उसळला. डॉक्टरांनाही तसंच वाटलं तर डोस वाढतो आणि तळमळही वाढते.

तिसरा उशिरा येतो. त्याच्या वैद्यकीय नावातला ‘टार्डिव्ह’ हा शब्द मुळात उशिराच्याच अर्थाचा, लॅटिन ‘टार्डस’पासूनचा. गोळ्या महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालल्यावर तोंड आपोआप चघळत राहतं, जीभ आत-बाहेर होते. मराठीत याला नेमका शब्द नाही, पण ‘चाळा’ जवळ येतो. चाळा, हालचाल, चळवळ आणि वेड या अर्थाचा ‘चळ’ ही सगळी ‘चल्’ धातूची प्रजा. त्यामुळं असा चाळा दिसला की लोक तो चळाच्याच खात्यात टाकतात. एकाच घराण्याचे शब्द इथं रोग्याचं नुकसान करतात.

कंपवाताची हकीकत तर औषधबाधेशी फार खोलवर गुंतलेली आहे. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. मग दिसलं की या औषधानं काहींचे हातपाय कापतात, अंग ताठरतं, हुबेहूब कंपवात. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिननं निपचित पडलेल्या सशांना लेव्होडोपा टोचलं आणि ते पुन्हा हलू लागले. मेंदूत डोपामिनचं काय काम आहे ते या वाटेनं कळलं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. हेच लेव्होडोपा दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच खाजकुयलीच्या बियांत दाखवलं होतं. खऱ्या कंपवाताचं औषध सापडलं ते औषधानं आणलेल्या कंपवाताकडं कुणीतरी नीट पाहिलं म्हणून. मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

आजही म्हातारी माणसं चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन महिनोन्‌महिने घेतात. हात कापू लागतो, चाल मंदावते, चेहरा थिजतो. मूळ कंपवात बहुधा एका बाजूनं सुरू होतो. औषधाचा बरेचदा दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. पण ही खूण हमखास नाही. खरा धागा तारखांचा: गोळी कधी सुरू झाली, कंप कधी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मूळ कंपवाताचा संकेतांक जी २० आहे आणि औषधामुळं आलेल्याचा जी २१.१. औषधजन्य डिस्टोनियाला जी २४.० आहे. शिवाय कारणासाठी दुसरा अंक जोडता येतो: मनोविकारावरच्या औषधांना वाय ४९, उलटीवरच्या औषधांना वाय ४३.०. ही जोडी आपल्या सामासिक शब्दासारखीच चालते. एक पद त्रास सांगतं, दुसरं तो कशाचा ते. केसपेपरावर नुसतं जी २० पडलं, तर पुढचा डॉक्टर ती गोळी चालूच ठेवील आणि वर कंपवाताचीही देईल.

गोळी मात्र आपल्या मनानं थांबवू नये, मानसोपचाराची तर नाहीच. डॉक्टर डोस उतरवतात किंवा औषध बदलतात. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं मात्र सोबत न्यावीत. औषध बाधल्याची नोंद रोगी किंवा नातेवाईक स्वतःही करू शकतात. त्यासाठी देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत फोन आहे: १८००-१८०-३०२४.