रुक्मिणीचं लग्न आणि राजाची ऑफर

नागपूरहून बोलतोय. हेडफोन लावा, आज एका लग्नाला जायचंय.

१५०३ साली स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स आणि इंग्लंडची राजकन्या मार्गारेट यांचं लग्न झालं. दरबारी कवी विल्यम डनबारने त्यावर काव्य रचलं. त्यात काटेरी फूल म्हणजे स्कॉटलंड आणि गुलाब म्हणजे इंग्लंड. राजाकडून त्याला वर्षासन मिळायचं, त्यामुळे हिशेब सरळ होता.

आता त्याच्याही दोनशे वर्षं मागे या, देवगिरीला. राजा रामदेवराव यादव. आणि लग्न कोणाचं? आपल्या वैदर्भी रुक्मिणीचं! तिचं माहेर कौंडण्यपूर, आर्वीच्या पलीकडे वर्धा नदीच्या काठी. कवी नरेंद्र. १२९२ च्या सुमारास त्याने 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं, तेही संस्कृतात नाही, मराठी ओवीत.

'स्मृतिस्थळ' या महानुभाव ग्रंथात पुढची गोष्ट आहे. काव्य ऐकून राजा खूश झाला. म्हणाला, हे माझ्या नावावर कर, ओवीमागे सोन्याचं नाणं देतो. ओव्या शेकड्यांनी होत्या, म्हणजे पॅकेज केवढं बघा! नरेंद्र नाही म्हणाला. असं केलं तर समस्त कविकुळाला बट्टा लागेल, असं त्याचं म्हणणं. पुढे दरबार सोडून तो महानुभाव पंथात गेला.

मला ही गोष्ट जरा टोचते. मागे मी लिहिलेलं एक मॉड्यूल डेमोत दुसऱ्याच्या नावावर दाखवलं गेलं. अप्रेझल तोंडावर होतं, मी गप्प बसलो. मला तर सोनंही कोणी देत नव्हतं नं!

आणखी एक गंमत. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. आपल्या भाषेत एन्क्रिप्शन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे अशा संशोधकांनी ती लिपी उलगडली. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वि. भि. कोलते यांनी नरेंद्राचं हे काव्य संपादित केलं.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवरावाला अमाप सोनं देऊन तह करावा लागला. ते सोनं गेलं, पुढे राज्यही गेलं. काव्य मात्र आजही नरेंद्राच्याच नावावर आहे.

पुढच्या डेमोत मी तोंड उघडणार आहे. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो. भेटूया!